सगळ्यांत मोकळा माणूस

आईच्या आजारपणासाठी मी पुणं सोडून सोलापूरला आले आणि ती गेल्यावरही इथंच राहिले. का राहिलीस, असं कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. पण कुणी विचारलंही नाही. नोकरी पुण्यातल्याच एका छोट्या कंपनीची होती आणि ती घरून करता येत होती. दोन खोल्यांचा फ्लॅट, खिडकीला लागून टेबल, त्यावर लॅपटॉप. मागच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालू असायचा. वीज गेली की तो एकदम थांबायचा, आणि घरात किती शांतता आहे ते तेव्हा कळायचं.

आमच्या कंपनीचं काम घरच्यांना सांगायला अवघड होतं. आईला मी एकदा सांगून पाहिलं होतं. मोठमोठ्या कचेऱ्या आणि कारखाने आपली कामं एका सॉफ्टवेअरमध्ये मांडतात. कोणतं काम, कुणाकडं, कधी संपणार. ते सॉफ्टवेअर दुसऱ्याच एका मोठ्या कंपनीचं. आम्ही त्याला जोडायचे छोटे भाग बनवायचो, ॲड-ऑन. एक भाग नियोजनाचा होता. कुणावर या आठवड्यात किती भार आहे ते तो पट्ट्यांमध्ये दाखवायचा, आणि एकाच्या डोक्यावर फार काम पडलं तर ते उचलून मोकळ्या माणसाला द्यायचा. दुसरा भाग अहवालाचा. शुक्रवार आला की झालेल्या कामाचा अहवाल तो आपोआप साहेबांना पाठवायचा. आई म्हणाली, "म्हणजे शिलाई मशीन दुसऱ्याची आणि काजं करायची पट्टी तुमची." मला ते पटलं होतं.

माझं काम ग्राहकांच्या अडचणी सोडवायचं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं चॅटवर लिहायची, मी उत्तर द्यायचे. उत्तराखाली माझं नाव नसायचं, नुसतं 'सपोर्ट टीम' असायचं. पुढं कंपनीनं चॅटवर एक यंत्र बसवलं. आधी ते उत्तर द्यायचं, त्याला जमलं नाही की प्रश्न माझ्याकडं यायचा. तोवर माणूस वैतागलेला असायचा.

आई गेली तेव्हा मी रजा टाकली होती. मी रजेची नोंद केल्याबरोबर आमच्याच नियोजनाच्या भागानं माझी कामं इतरांना वाटून दिली. त्यात नवल काही नव्हतं. ते कसं चालतं याची माहिती ग्राहकांसाठी मीच लिहिली होती, 'एखादा सहकारी अचानक रजेवर गेला तरी' अशा सुरुवातीनं. दिवस-कार्य उरकून, पाहुणे गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. माझ्या रजेच्या काळातले अहवाल येऊन पडले होते. सगळ्या पट्ट्या हिरव्या होत्या. उशीर नाही, अडथळा नाही. टीममधल्यांनी सांत्वनाचे चार शब्द लिहिले होते, हात जोडल्याची चित्रं पाठवली होती. वाईट कुणीच वागलं नव्हतं. मी कितीतरी वेळ त्या हिरव्या पट्ट्यांकडं बघत बसले. मग आलेले प्रश्न घ्यायला सुरुवात केली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर दिवस एकसारखे जाऊ लागले. सकाळी दूध, मग चॅट, दुपारी कालचाच भात फोडणीला टाकायचा, पुन्हा चॅट. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई जिन्यात भेटल्या की "जेवलात का?" विचारायच्या आणि मी हो म्हणायचे. कधी कधी अख्ख्या दिवसात तोंडानं बोललेला तेवढाच शब्द असायचा. बाकी सगळं टाइप केलेलं.

अशात एका दुपारी एक प्रश्न आला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. यंत्रानं त्यावर तीनदा तेच उत्तर दिलं होतं, 'हे नाव काढून टाकण्यासाठी पुढील बटण दाबा.' विचारणाऱ्यानं तीनदा लिहिलं होतं, नाव काढायचं नाही. शेवटी त्यानं विचारलं होतं, "तुमी माणूस हाय का मशीन?"

मी मराठीतून लिहिलं, "माणूस आहे. सांगा."

मग त्यानं लिहिलं की मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो नियोजन बघतो. त्याच्याकडचा एक फिटर मरण पावला होता. पण आमच्या ॲड-ऑनला ते ठाऊक नव्हतं. त्या फिटरच्या नावापुढं काम नसल्यामुळं पट्टीत सगळ्यांत मोकळा माणूस तोच दिसायचा. मग दर सोमवारी ॲड-ऑन इतरांची जादा कामं उचलून त्याच्याच नावावर टाकायचा. हे गृहस्थ ती कामं एकेक करून हातानं परत काढायचे आणि दुसऱ्यांना द्यायचे. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. हेड ऑफिसनं सांगितलं होतं, नाव काढून टाका. पण नाव काढलं की त्यानं आजवर केलेल्या प्रत्येक कामापुढं 'नेमणूक नाही' असं येत होतं. जणू ती कामं कुणी केलीच नव्हती.

"त्यानं केल्यात की कामं. मग नाव का काढायचं?" त्यांनी लिहिलं.

मी त्यांची स्क्रीन माझ्याकडं दिसावी म्हणून खटपट केली, पण कारखान्याच्या नेटवर्कला ती परवानगी नव्हती. त्यांनी लिहिलं, राहू द्या, तुमी लांब असाल. मी विचारलं, कारखाना कुठं आहे. उत्तर आलं, चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर.

मी लिहिलं की मीही सोलापुरातच आहे. त्यावर लगेच आलं, "मग या की."

आमच्यात कुणी ग्राहकाकडं जात नसे. तशी पद्धतच नव्हती. मी वरिष्ठांना विचारलं. त्यांना वाटलं मी गंमत करतेय, पण ते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून इस्त्रीची साडी काढली. ती कपाटात किती दिवस पडून होती कोण जाणे, घड्यांवर रेघा उमटल्या होत्या.

पुणे रस्त्याच्या बसनं फाट्यावर उतरले आणि विचारत विचारत कारखान्यापर्यंत गेले. फाटकावर ते स्वतः येऊन उभे होते. पन्नाशी उलटलेले, सडपातळ, खिशाला दोन पेनं. गाव नातेपुतं. बायको-मुलं तिकडंच, हे इथं एका खोलीत राहायचे आणि शनिवारी एसटीनं घरी जायचे. हे सगळं त्यांनी फाटक ते कचेरी एवढ्या अंतरात सांगितलं. बोलायला माणूस मिळाल्यावर माणूस कसा बोलतो ते मला ओळखता आलं, कारण मीही तशीच भराभर बोलत होते.

त्यांची कचेरी म्हणजे यंत्रं चालतात त्या शॉपच्या एका बाजूला काचेची खोली. पूर्वी तिथं तिघं बसायचे, बाकीच्या दोघांचं काम आता हेड ऑफिसातून होत होतं. त्यांनी मला संगणकासमोर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. पट्ट्यांच्या यादीत फिटरचं नाव मधोमध होतं. मागच्या तारखांकडं गेलं की पट्टी भरगच्च, कामाला काम लागून. पुढं आलं की त्या आठवड्यासाठी ॲड-ऑननं पुन्हा तीन-चार कामं टाकलेली.

ते आणि फिटर बरोबरच कामाला लागले होते, असं त्यांनी सांगितलं. फिटर मंगळवेढ्याकडचा. घरी जिरायत शेती, ज्वारीच्या सुगीला हमखास रजा मागायचा. जेवायला रोज समोरासमोर बसायचे. मग त्याला पोटाचा आजार झाला. सोलापूरला दवाखान्यात होता, हे रोज कामावरून सुटल्यावर जायचे. शेवटी शेवटी तो विचारायचा, माझ्याकडचं काम कुणाला दिलं? हे म्हणायचे, कुणाला न्हाय दिलं, ठेवलंय.

"आणि सोमवारी हे उघडलं की हे बेणं पुन्हा त्यालाच काम देतंय," ते म्हणाले. हसायला गेले, पण हसू आलं नाही.

नाव ठेवून पुढचं काम बंद करायची सोय आमच्या ॲड-ऑनमध्ये खरंच नव्हती. बनवणाऱ्यांच्या मनात माणूस दोनच प्रकारचा होता, कामावर असलेला आणि काढून टाकलेला. मी बराच वेळ इकडं तिकडं करून पाहिलं. मग सुचलं की प्रत्येकाला कामाच्या दिवसांचं वेगळं कॅलेंडर लावता येतं. रात्रपाळी-दिवसपाळीवाल्यांसाठी केलेली सोय होती ती. त्या फिटरसाठी एक नवं कॅलेंडर करायचं आणि तो गेला त्या दिवसापासून पुढचा एकही दिवस कामाचा ठेवायचा नाही. मागचं सगळं जसंच्या तसं राहील.

कॅलेंडरला नाव द्यावं लागतं. काय लिहू, असं मी विचारलं. 'सुट्टी' लिहू का?

"सुट्टी न्हाय," ते म्हणाले. काचेतून शॉपकडं बघितलं. मग म्हणाले, "'घरी' लिवा."

मी लिहिलं आणि बटण दाबलं. त्या नावापुढची कामं निघून इतरांच्या पट्ट्यांत जाऊन बसली. त्याची पट्टी मागं भरलेली आणि पुढं कोरी राहिली. ते वाकून बघत होते. "आता बरं हाय," म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले.

त्यांनी मला कॅन्टीनमध्ये जेवायला नेलं. आमटी, भात, शेंगाची चटणी. समोरासमोर बसलो. घरी कोण कोण असतं, असं त्यांनी विचारलं.

"आई होती," मी म्हणाले.

त्यांनी वाढप्याला हाक मारून माझ्या ताटात अजून आमटी वाढायला लावली. मग मीच सांगत गेले, आईचं दुखणं, दवाखान्यातले दिवस, नंतरच्या त्या हिरव्या पट्ट्या. आई गेल्यापासून मी हे कुणाला सलग सांगितलं नव्हतं. ते जेवता जेवता ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमच्याकडं पण तसलंच हाय म्हणायचं." भोंगा झाला, ते उठले, मीही उठले.

परत आल्यावर मी टीमच्या बैठकीत मांडलं की अशा गेलेल्या माणसांसाठी वेगळी सोय हवी. सगळ्यांनी ऐकून घेतलं. वरिष्ठ म्हणाले, कल्पना चांगली आहे, सुधारणांच्या यादीत घालू, ग्राहकांनी मागणी केली तर पुढं नेऊ. चिंचोळीचा एक ग्राहक सोडून कुणी मागणी केली नाही. ती यादी पुढं कुणी उघडलीही नाही, कारण थोड्याच काळात ज्या मोठ्या सॉफ्टवेअरला आमचे भाग जोडलेले होते, ते बनवणाऱ्या कंपनीनं नियोजन आणि अहवाल स्वतःच द्यायला सुरुवात केली. मग आमचं कोण विकत घेणार. टीममधले एकेक जण दुसरीकडं गेले. निरोपाचे कार्यक्रम पडद्यावरच व्हायचे. प्रत्येकजण आपापल्या चौकटीत हसायचा, मग चौकटी एकेक करून बंद व्हायच्या आणि माझी उरायची. मीही शेवटी तिथून सुटले. आता दुसऱ्या कंपनीसाठी असंच काहीतरी करते, या फ्लॅटमधूनच.

चिंचोळीला पुन्हा जाणं झालं नाही, तसं निमित्तच नव्हतं. ते नियोजन बघणारे गृहस्थ निवृत्त होऊन नातेपुत्याला गेले. जायच्या आधी त्यांचा फोन आला होता. हेड ऑफिसनं सगळं नव्या पद्धतीत हलवलं होतं आणि हलवताना फक्त हजर माणसं घेतली होती. फिटरचं नाव आता कुठंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि मी तसं म्हणाले.

"जाऊ द्या ताई," ते म्हणाले. "मी हुतो तोवर ऱ्हायलं की."

मग अधूनमधून त्यांचा फोन यायचा, दुपारच्या जेवणाच्या वेळेला. विशेष काही नसायचं. हितं करमत न्हाय, म्हणायचे. इतकी वर्षं शनिवारची वाट बघितली आणि आता रोजच शनिवार, तर घरातल्यांना त्यांची सवय नव्हती आणि त्यांना घरातल्यांची. पोरं आपल्या कामात, बायको शाळेत शिकवायला जायची. मी माझं ताट घेऊन बसायचे आणि फोन टेबलावर उभा करून ठेवायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी सांगितलं की बायकोनं धपाटी केलीत, कंडक्टरकडं दिलीत, स्टँडवर जाऊन घ्या. मी एसटी स्टँडवर गेले. गाडी उशिरा आली. कंडक्टरनं वर्तमानपत्रात बांधलेला पुडा हातात दिला आणि म्हणाला, "मास्तरीण बाईंनी सांगितलंय, गरम हाय तोवर खायचं." अर्थात ती आता गरम नव्हती.

घरी जायच्याऐवजी मी तिथल्याच बाकावर बसले आणि पुडा सोडला. शेजारी मंगळवेढ्याच्या गाडीची वाट बघत एक म्हातारी बसली होती, पायाशी पिशवी. मी तिला एक धपाटं दिलं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. चावून बघून म्हणाली, "तीळ लई घातल्यात. तुमी केलं व्हय?"

"नाही, पाठवलंय," मी म्हणाले.

"कुणी, आईनं?"

मी नातेपुत्याहून आलंय एवढंच सांगितलं. तिला ते पुरलं. तिची गाडी लागली, तशी ती पिशवी उचलून उठली, आणि खिडकीत जागा मिळाल्यावर तिथून हात हलवला. गाडी वळून गेली. मी अजून एक धपाटं घेतलं आणि तिथंच बसून राहिले.