पाचवीच्या सकाळी काढलेलं रक्त

सत्तरच्या आसपासची गोष्ट. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, वडगावला आले होते. मुलगा झाला तो अगदी गरीब. रडणं नाही, भूक नाही. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "लय गुणाचं पोर गं!" झोपेत त्यानं तोंड वाकडं केलं की आई म्हणे, "सटवाई खेळवतीया त्याला." मला मात्र चैन पडेना. छाती दुधानं दगडासारखी झालेली आणि हा तोंड लावेना. पाय गारढोण.

पाचवीच्या सकाळी मी म्हटलं, "याला लोणावळ्याला डॉक्टरीणबाईंकडं नेते."

"येडी का काय तू? पाचवी पुजल्याबिगर पोर उंबऱ्याभाईर काढत्यात व्हय? सांजच्याला तुज्या सासरची येत्याली. काय सांगू त्यास्नी?"

"काय वाट्टेल ते सांग!" मी खेकसले, पोर पदराखाली घेतलं नि निघाले. आई बडबडत मागोमाग आलीच. एसटीत ती तोंड फिरवून बसली. मी सारखी त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होते.

बाईंनी ताप बघितला. नव्हता. "म्या म्हनलं न्हवतं?" आई लगेच. पण बाईंनी टाचेला सुई टोचून रक्त घेतलं तेव्हा पोरगं हललंसुद्धा नाही. आईनं त्याचे गार पाय पदरात गुंडाळले.

रक्त तपासायला बाई आत गेल्या. मला बसवेना. टाके ओढत होते तरी व्हरांड्यात येरझाऱ्या चालूच. शेवटी दार ढकलून आत शिरले. बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली नाही. "बाहेर थांब, मोजणी चुकेल." मेली ती मोजणी! माझा जीव इकडं टांगणीला लागलाय!

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात. जंतू रक्तात गेलेले दिसतात. एवढ्याशा बाळाला ताप येतोच असं नाही. त्याची वाट बघत बसलो तर उशीर होईल. इंजेक्शनं आत्ताच सुरू करते."

सासरची माणसं संध्याकाळी बंद दार बघून परत गेली. त्याचे टोमणे मी वर्षभर ऐकले. ऐकले तर ऐकले.

दोन-तीन दिवसांनी दुपारी दवाखान्यातच त्याला पुन्हा छातीशी धरलं. त्यानं असं कचकन ओढलं की मी किंचाळलेच. आई धावली, "काय झालं गं?" दुखत होतं, लय दुखत होतं, आणि त्यानं सोडू नये एवढंच वाटत होतं.