दोन मशिनं, एक साखरपुडा आणि भोपळा

आमच्या घरात आजवर एकही वस्तू चुकीची विकत आलेली नाही, कारण खरेदी मी करते. हे वाक्य मी लग्नापासून म्हणत आले. गेल्या डिसेंबरपासून म्हणायचं बंद केलं आहे.

फुलपाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत मी फावल्या वेळात कागदकाम करते. आकाशकंदील, नावाच्या पाट्या, वाढदिवसाच्या माळा, सगळं कात्रीनं. माझ्या थोरल्या दिरांच्या मुलीचा, सायलीचा साखरपुडा वटारला, माझ्या सासरच्या घराच्याच अंगणात ठरला, तेव्हा स्टेजमागची सजावट मी करणार असं मी जाहीर करून टाकलं. (कोणी विचारलं नव्हतं.) चार दिवस कात्री चालवली आणि उजवा अंगठा बटाटेवड्यासारखा सुजला. मग मशीन घ्यायचं ठरलं. शिलाईचं नव्हे, कापायचं. कागद एका चिकट पाटीवर लावून आत सारायचा, आतलं टाचणीएवढं पातं फिरतं आणि हवा तो आकार कापून बाहेर देतं.

प्रश्न एवढाच, की कोणतं? वसईच्या ग्रेसी टीचर, शाळेत हस्तकला शिकवून निवृत्त झालेल्या, पुण्याला लेकीकडे कायमच्या निघाल्या होत्या. त्यांचं जुनं मशीन त्या द्यायला तयार होत्या. पाट्याइतकं जड, बटणं आणि फिरवायच्या चकत्या, आणि चित्रं भरलेल्या तीन डब्या. डबी मशीनमध्ये खुपसायची, चित्र निवडायचं, बटण दाबायचं. फोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही. माझ्या मुलीचा, मृणालचा, मात्र नव्याच मशीनचा हट्ट. ते दिसायला पावाच्या लादीएवढं, आवाज नाही, सगळं फोनवरून चालतं आणि पातं किती खोल जायचं तेही स्वतःच ठरवतं.

"एक सांगून ठेवते," ग्रेसी टीचर म्हणाल्या, "माझं मशीन ऐकतं. नवं मशीन विचारतं."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी व्यवहारी बाई. मी ठरवलं, दोन्ही आणायची, शेजारी शेजारी चालवून बघायची आणि एक परत करायचं. टीचर पुढच्या रविवारपर्यंत थांबायला तयार होत्या. नवं मशीन दहा दिवसांत परत करता येत होतं, अट एकच, वस्तू आली तशीच जायला हवी. मी वही घेतली, मधोमध रेघ मारली, एका बाजूला 'जुनं', दुसऱ्या बाजूला 'नवं' लिहिलं, आणि साखरपुड्याच्या आदल्या रविवारी दोन्ही मशिनं रिक्षात घालून वटार गाठलं. परीक्षा सगळ्यांसमोर व्हावी, म्हणजे निवड कशी करतात हे घराला एकदा कळेल, असा माझा उदात्त हेतू होता.

पहिला मान जुन्याला दिला. पडवीत टेबल मांडलं, डबी खुपसली, मशीन घरघरलं. आवाज असा, की मागच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. पण कापलं मात्र सुरेख. फक्त काय कापलं, हा मुद्दा होता. एका डबीत इंग्रजी अक्षरं. दुसरीत सर्कस. तिसरीत परदेशातल्या कुठल्याशा सणाची चित्रं, त्यात घुबडं, वटवाघळं आणि भोपळे. सायलीच्या आईनं, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, ताईंनी, गणपती आहे का विचारलं. मी शोधला. गणपतीच्या जवळपास जाणारा एकच नग होता, हत्ती, तोही चेंडूवर उभा.

"नको," ताई म्हणाल्या. "मुलाकडची माणसं नाशिकची आहेत. त्यांना वाटेल, आपण सर्कसवाले."

वहीत 'जुनं'खाली मी लिहिलं: बळकट, पण चित्रं आपल्यातली नाहीत.

मग नवं. मृणालनं फोन काढला, चालवला, आणि म्हणाली, रेंज नाही. आमच्या वाडीत नारळ आणि सुपारी इतकी दाट, की ऊन खाली यायला परवानगी मागतं, रेंज कुठून येणार! रेंज येते ती फक्त विहिरीपाशी, पाण्याच्या मोटारीच्या कट्ट्यावर. फोन मशीनजवळ हवा आणि फोनला रेंज हवी. म्हणजे मशीन विहिरीपाशी गेलं. तीन वायरी एकाला एक जोडून पडवीतून वीज नेली, धुण्याच्या दगडावर पाट ठेवला, पाटावर मशीन. माझे यजमान (ज्यांचं मत या लेखात कुठेही विचारलेलं नाही) छत्री धरून उभे राहिले, कारण फोनच्या पडद्यावर ऊन पडत होतं.

आणि नव्या मशीननं कागदातून मराठीत 'सायली' कापून दिलं. वेलांटीसकट, वळणदार. बायका पुढे सरकल्या. सासूबाईंनी चष्मा लावला. मी वहीत 'नवं' दोनदा अधोरेखित केलं आणि तिथेच थांबायला हवं होतं.

पण भाऊजी, म्हणजे सायलीचे वडील, आमच्या घरातले पानवेलीचे राजे. चाळीस वर्षं विड्याची पानं पिकवतात आणि पान सोडून जगात दुसरं काही पाहण्यासारखं आहे असं त्यांना वाटत नाही. त्यांनी तो कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "कागद काय, कोणीही कापेल. पानावर होईल?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता इथे शहाण्या बाईनं काय म्हणावं? "होईल की!" मी म्हणाले.

कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. पाहुण्यांच्या हातात विडा जाईल तेव्हा आमच्याच वेलीच्या पानावर मुलीचं नाव कोरलेलं. नाशिकला सात पिढ्या सांगतील. सासूबाईंच्या पानाच्या डब्यातलं एक पान मी चिकट पाटीवर नीट दाबून बसवलं. मशीननं विचारलं, कापायचं काय? यादी समोर आली: कागद, पुठ्ठा, लोकरीचा नमदा, चामडं. पान नव्हतं. मृणालनं पातळ चामडं निवडायला सुचवलं. भाऊजींनी ते वाचलं.

"माझ्या पानाला चामडं म्हणतेस?"

म्हणून आम्ही पातळ कागद निवडला. पातं अलगद फिरलं आणि पान बाहेर आलं ते हिरव्या जाळीसारखं, मधोमध 'सायली'.  मग ताईंनी डोळ्याला पदर लावला. सासूबाई म्हणाल्या, आता शंभर कर. भाऊजी वळले, वेलींकडे गेले आणि टोपलीभर पानं खुडून घेऊन आले.

दुसरं पान बरं झालं. तिसरं उन्हानं मलूल पडलं होतं, ते 'य'पाशी फाटलं. इथे मी ते वाक्य बोलले, जे माझ्या वहीत कुठेच लिहिलेलं नाही, पण घरात सर्वांना पाठ आहे. मी मान वर न करता म्हणाले, "भाऊजी, पानं सुकू देऊ नका."

चाळीस वर्षं पानं पिकवणाऱ्या माणसाला हे सांगायची गरज नसते, आणि सांगितलं तर तो कमी पडत नाही. पान ताजं राहायला त्यावर पाणी मारावं लागतं. भाऊजी बाजारात नेताना टोपलीवर मारतात, घरात मारतात, बोलता बोलता मारतात, हात आपोआप बादलीत जातो आणि ओंजळ सुटते. विहीर तर हाताशीच होती. त्यांनी टोपलीवर पाणी मारलं. मग पाटीवर लावलेल्या पानावर मारलं. मग ते पान मशीनच्या आत गेलं, तर ते आत सुकेल म्हणून, अत्यंत मायेनं, त्याच्या मागोमाग आत मारलं.

मशीननं 'सा' कापला. 'य'ला एक उचकी दिली. लाल दिवा लागला आणि विझला.

"थांबलं?" भाऊजींनी विचारलं. "घाई नाही. पान ताजं आहे."

यजमानांनी छत्री मिटली. मृणालच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही. 'वस्तू आली तशीच जायला हवी' ही अट मला जशीच्या तशी आठवत होती आणि मशीनच्या तळातून पाणी ठिबकत होतं. सासूबाईंनी मात्र वेळ न दवडता उपाय काढला. फोन भिजला की तांदळात ठेवतात ना, मग हे का नको? मशीन कोठीतल्या तांदळाच्या पिंपात गळ्यापर्यंत पुरलं. त्या आठवड्यात भात करायला तांदूळ काढताना प्रत्येक जण ते एकदा बाहेर घेई, कानाशी हलवी आणि पुन्हा पुरी.

साखरपुड्याला सहा दिवस. शंभर पानांचं सोडा, स्टेजमागचा पडदासुद्धा रिकामा. कापायला एकच मशीन, पाट्याइतकं जड, इंग्रजी बोलणारं. मी नावं इंग्रजीत कापली, सोनेरी कागदात. पण नावांभोवती नक्षी हवीच. घुबडाचं नाव काढताच सासूबाईंनी जपमाळ उचलली. हत्ती ताईंनी आधीच नाकारला होता. वटवाघळाबद्दल मी विचारलंच नाही. उरला भोपळा. सोनेरी भोपळे! देठ वर करून लावले, तर अंगणाच्या दारातून थेट कलशासारखे दिसत होते. मी स्वतः दारात उभं राहून खात्री केली. बेचाळीस भोपळे चिकटवले.

अडचण अशी, की पाहुणे दारात उभे राहत नाहीत. मुलाच्या आई फोटोसाठी थेट पडद्याजवळ गेल्या. वाकल्या. एकावर बोट ठेवलं.

"हे भोपळे का हो?"

 ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पायांच्या नखांकडे. आणि सासूबाई, ज्यांनी आयुष्यात खोटं बोलल्याचं मला माहीत नाही, पदर सावरून शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात पद्धत आहे."

"हो का? छान," मुलाच्या आई म्हणाल्या, आणि विषय संपला. असं आम्हाला वाटलं.

साखरपुड्यानंतर चौथ्या दिवशी हलवलं तरी आतून पाण्याचा आवाज येईना म्हणून सासूबाईंनी फोन केला. मी जाऊन मशीन बाहेर काढलं, पुसलं, वीज जोडली. ठणठणीत चालू झालं. परत करायची मुदत आदल्या दिवशी संपली होती. जुनं परत करावं म्हटलं, तर ग्रेसी टीचर पुण्याला पोचल्या होत्या आणि माझं मशीन तुमच्याकडे सुखी आहे ना, असा त्यांचा निरोप होता. एक निवडायला गेले आणि दोन्ही ठेवून घेतली.

पुढे लग्न झालं. त्या दिवशी वऱ्हाड आमच्या दारात आलं, तेव्हा मुलाच्या आईच्या हातात ताट होतं. ताटात हळदकुंकू, नारळ आणि मधोमध, हार घातलेला, घागरीएवढा भोपळा.

"तुमच्यातली पद्धत," त्या कौतुकानं म्हणाल्या. "आमच्याकडून राहायला नको. आता याचं पुढे काय करायचं असतं?"

त्यांचं सगळं वऱ्हाड उत्सुकतेनं पाहू लागलं. आमचं सगळं घर माझ्याकडे. सासूबाईसुद्धा. एका पद्धतीची मी संस्थापक होते आणि पुढचं कलम सुचत नव्हतं.

"कापायचा असतो," मी म्हणाले. "घरातल्या मोठ्या पुरुषानं."

भाऊजी पुढे झाले. कोयता हाती घेतला. कापण्याआधी त्यांनी शेजारच्या कलशात हात बुडवला आणि भोपळ्यावर, ताटावर आणि मुलाच्या आईच्या नव्या पैठणीवर मायेनं पाणी मारलं.

त्या एका हातानं पदर झटकत दुसऱ्या हातानं ते मोबाइलवर टिपून घेत होत्या. आता नाशिकला त्यांच्या पुढच्या लग्नात भोपळाही असेल आणि पाणीही. वहीत मी दोन्ही रकान्यांवर काट मारली आहे. अंगठा बरा झाला आहे, कात्री पुन्हा काढली आहे, आणि परवा घरात मिक्सर घ्यायचा ठरला, तेव्हा मला स्वयंपाकघरात चहा करायला पाठवलं.