दाजींच्या गाडीचा पंख

आमच्या दाजींनी साठीत एक जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली. दोनच सीट, वय वीस वर्षं. ती नटवायला ते मला घेऊन गॅरेजात गेले. मिस्त्रीने गाडीखालून डोकं बाहेर काढून सांगितलं, "साहेब, आधी ब्रेक आणि टायर करा. पळवायची तर थांबायला पण पाहिजे की."

"ते कुणाला दिसतंय?" दाजी म्हणाले, आणि डिकीवर विमानाच्या पंखासारखा भलामोठा स्पॉयलर बसवून घेतला.

मी त्यांच्या कलप लावलेल्या केसांकडे बघत होतो. गुडघ्याचं ऑपरेशन टाळतात, कलप मात्र दर पंधरवड्याला लावतात. म्हातारपणी माणूस दुखतं ते तसंच ठेवतो आणि दिसतं तेवढंच दुरुस्त करत बसतो. मला याचं हसू येतं. कीव येत नाही.

खंडेनवमीला गाडीची पूजा झाली. पंखाला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. माझी ताई गाडीला ओवाळून, ताट हातात धरून समोरच उभी होती. दाजींनी ऐटीत गाडी पुढे काढली. लिंबं चिरडली, पण गाडी थांबेना. ताई मागे सरता सरता पडली, ताट उडालं, तेव्हा कुठे चाकं थांबली.

दाजी धडपडत उतरले, पुढे येऊन वाकले, आणि बंपरवर सांडलेलं कुंकू रुमालाने पुसत ओरखडा शोधू लागले.

"पंखाला काही झालं नाही ना?" ताईने जमिनीवरूनच विचारलं.

दाजींनी खरंच मागे जाऊन पाहिलं.