साहेबाच्या आवाजात फुकट वीज

बीडचा पुढारी म्हनल्यावर तुमच्या डोळ्यापुढं काय आलं, मला म्हाईत हाय. पांढरी गाडी, मागं आनखी गाड्या, कमरंला काहीतरी खोसलेलं, आन एका फोनवर मानसं गोळा. मारामारीसाठी वाचायला बसला आसाल तर उठू नका, मारामारी लई हाय. फक्त हितं पुढारी मार खानारा हाय.

आमच्या साहेबाच्या जीपमंदी हत्यार न्हाई, फळा व्हता. शाळंतला, काळा. साहेब अर्थशास्त्र शिकून गावाकडं आलते. आदी बाजार समितीत निवडून आले, मंग झेडपीत, मंग आमदारकीला पडले आन परत उभं राहिले. दर सभंला फळा लावायचे आन खडूनं दोन रेघा मारायचे, एक मागणीची, एक पुरवठ्याची. लोकं जरा वेळ रेघांकडं बघायचे, मंग सभंच्या जेवनाच्या चुलीवरच्या पातेल्याकडं.

माझं काम प्रचाराच्या रिक्षात. साहेबाचा घसा बसला की भोंग्यावर साहेब म्हंजे मी. "मायबापहो, दोन मिनटं डोकं लावा," हे त्यांचं नेहमीचं. एकदा त्यांच्या दारात मी त्यांचा आवाज आसा काही काढला की आतून त्यांची मंडळी म्हनली, "बाहेर काय बोंबलता, चहा गार होतोय."

तलवाड्याच्या पलीकडं एक गाव हाय. नाव सांगत न्हाई, तिथं आमची सोयरीक हाय. तिथं दुपारची सभा लागली. समोरच्या पार्टीनं घरची वीज फुकट कबूल केलती, आन गाव इचारत व्हतं, तुमी काय देनार. साहेबानी फळ्यावर रेघ ओढली.

"मी देणार नाही. फुकटच्या विजेचं बिल शेवटी तुमच्याच रस्त्यातून आणि दवाखान्यातून कापतात."

"आमाला अडानी समजतो का बे?" म्हनून पैली चप्पल आली. साहेबानी ती पायानं बाजूला सारली आन पुढची रेघ काढायला लागले. मंग दगड आला, फळा मधून फुटला. दुसरा दगड साहेबाच्या कपाळावर बसला. साहेब मायकाला चिकटून उभं व्हते, त्यामुळं तो आवाज भोंग्यातून आख्ख्या गावानं ऐकला. नारळ फुटल्यावानी.

खुर्च्या उडाल्या. आमच्या एका कार्यकर्त्याचं तोंड खुर्चीच्या पायानं फाटलं, तो दात हातात घेऊन पळत व्हता. पोरांनी मंडपाचे खांब उपटले आन सगळा मंडप साहेबावर बसला. कापडाखाली एक फुगवटा हालत व्हता आन पोरं त्याच्यावर खांब हानीत व्हते, कणसं बडवल्यावानी. कापड लाल होत चाललं. मंग फुगवटा हालायचा थांबला.

मला कळलं, आजून चार बसले की साहेब गेले. मी रिक्षातला मायक उचलला.

"मायबापहो, दोन मिनटं डोकं लावा. मी हितं रिक्षात हाय."

खांब वरच्यावर थांबले. एक जन म्हनला, "मंग ह्यो खाली कोन हाय?"

"वीज फुकट देतो," मी साहेबाच्या आवाजात म्हनलं. "घराला देतो. पिठाच्या गिरनीला बी देतो."

सगळे रिक्षाकडं पळाले. तेवढ्यात कार्यकर्त्यांनी साहेबाला कापडासकट जीपमंदी टाकलं. हिकडं कुनीतरी रिक्षाचा पडदा सारला.

"आरं, ह्यो तर नकल्या हाय."

रिक्षा आडवी झाली. माझ्या बरगडीवर कोन उभं राहिलं ते दिसलं न्हाई, पन मोडतानी ऐकू आलं. आमचा सोयरा बी व्हता त्यात, लाथंवरून वळखला.

शुद्धीवर आलो तर बीडच्या दवाखान्यात. शेजारच्या खाटंवर साहेब, डोक्याला टाके, एक डोळा मिटलेला. मला वाटलं आता हात जोडतेत.

"कावून बोललास?"

"साहेब, मारत व्हते तुमाला."

"मारू द्यायचं. डोक्याला टाके पडतेत. माझ्या आवाजात वीज फुकट म्हनलास, घरात बसून ऐकनाऱ्यांना तो मीच वाटलो, त्याला टाके कुठं घालू? त्या गावाला मी कदी खोटा शब्द दिला न्हाई, आन तू गिरनीला बी वीज देऊन बसलास. ती तूट कोन भरनार, तुझा बाप?"

"न्हाई साहेब."

"बरगडी बसली की तिथंच जायाचं. त्याच भोंग्यावर, माझ्याच आवाजात. न्हाई देत म्हनून सांगायचं."

"परत मारतेल, साहेब."

"मारतेल. आन गिरनीचं आदी सांग, दळन थांबवून बसले आसतेल, गाढवा."