दहा पिनांचा वेग

मोबाईलमधलं स्टॉपवॉच मी काढून टाकलं, तरी मोजणं थांबत नाही. खोलीपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत अकरा मिनिटं. डबा धुवायला दोन. जेवतानाही मनात काटा फिरत असतो. हे कशामुळे झालं ते लिहून बघतो. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे काही अडलं तर घरी विचारायला कोणी नाही, असं मला वाटायचं. यंदा प्रोजेक्टसाठी नंदुरबारमधल्या एका लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनच्या, वर्कशॉपमध्ये जागा मिळाली. विषय होता, एका नगाला लागणारा वेळ आणि खर्च काढणे. एक शेठ, लेथ चालवणारा एक टर्नर आणि चालू असलेला एकच लेथ, एवढंच ते वर्कशॉप. शेठना ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या पाचशे पिनांची ऑर्डर मिळणार होती. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडतात ती वीतभर लांबीची पिन.

"एका पिनेला किती वेळ लागतो तेवढं काढ," शेठ म्हणाले. "त्यावरून भाव पाठवतो."

टर्नर जवळच्या रनाळे गावाहून यायचे. मी त्यांना मिस्तरी काका म्हणायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाईल घेऊन त्यांच्या बाजूला उभा राहिलो.

"कितल्या मोजशी भो?"

"दहा, काका."

"दहाच? लिखी ले मंग. मन्हा हात घड्याळना पुढे शे."

खरंच होता. सळई चकमध्ये, लेथच्या फिरत्या पकडीत, बांधायची, कापायचं टूल लावायचं, पिन सोडायची, पुढची बांधायची, कुठेच खंड नाही. पुस्तकातल्या सूत्राने कापायला तीन मिनिटं येत होती, बांधणं-सोडणं धरून पाच. काकांचीही पाचच आली, दहाही वेळा. पुस्तक आणि लोखंड एकच बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. आठ तासांची चारशेऐंशी मिनिटं, त्यातली दहा टक्के विश्रांतीला सोडली, तर दिवसाला शहाऐंशी पिना. मी कागद शेठना दिला.

त्यांनी तिथल्या तिथे मोबाईलवर सहाशेला शहाऐंशीने भागलं. सहाशे हा काकांचा रोज. "सात रुपये नग. या ऑर्डरला रोज नाही, नगावर काम."

मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. पण काय ते सांगता येईना.

बाजाराच्या दिवशी खापर गावात बाबा भेटले. ते गुजरातेत पाइपलाइनचे चर खोदून नुकतेच परतले होते. चहाच्या टपरीवर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आमच्या बोलीत एकच विचारलं, "तू मोजतोयस हे त्याला ठाऊक होतं?"

"हो, समोरच उभा होतो."

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांच्याकडे मुकादम पहिल्या दिवशी किती मीटर चर झाला ते बघतो आणि मीटरचा भाव ठरवतो. म्हणून त्या दिवशी कोणीही पूर्ण जोर लावत नाही. "ही लबाडी नाही," ते म्हणाले. "दोन महिने जेवढं रोज जमेल तेवढंच दाखवायचं. तुझ्या मिस्तरीला एवढं कळत नसेल?"

परतीच्या बसमध्ये मला बसवेना. तळोद्यापर्यंत मी दांडी धरून उभाच होतो, जागा असूनही.

मोजताना हात मुद्दाम आवरला होता का, असं सकाळी मी काकांना विचारलं. ते हसले. उलट मोजणीच्या आदल्या दिवशी सुटी झाल्यावर थांबून त्यांनी वीसेक सळया कापून ठेवल्या होत्या, तीन टूलना धार लावली होती. "तुन्हा मार्कांना सवाल व्हता ना. पाहुना उना तर घर झाडतस का नही?"

मग मी त्यांना सात रुपयांचं सांगितलं. त्यांनी मशीन बंद केली. हात पुसले आणि पुढची सळई बांधायला घेतली.

त्या दिवशी मी उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसलो. सळया कापणं, धार लावणं, लोखंडाचा बुरादा काढणं, दोनदा गेलेली लाइट, सगळं लिहिलं. रोजावरच्या एका जुन्या ऑर्डरच्या, अशाच साठ पिना झाल्या. साठ गुणिले सात, चारशेवीस. मी कागद घेऊन शेठकडे गेलो.

"कोटेशन गेलं. पार्टीनं हो पण म्हटलं," शेठ म्हणाले. "आणि पहिला आकडा कुणाचा होता? इंजिनिअर साहेबांचाच ना?"

काम सुरू झालं. काका जेवायला दहा मिनिटंही थांबेनात, तरी सत्तरच्या वर जाता येईना. चौथ्या दिवशी मी कॉलेज बुडवून गेलो आणि तीन तास त्यांच्यासाठी सळया कापल्या, टूलना धार लावली. त्या दिवशी एक्क्याऐंशी झाल्या. काका खूश. माझ्या मात्र डोक्यात आकडे पळत होते. त्यांचे आठ तास आणि माझे तीन मिळून अकरा. अकरा तासांत एक्क्याऐंशी, म्हणजे आठ तासांत एकोणसाठ. मी घाम गाळला तरी उत्तर तेच येत होतं.

तेवढंच एका कागदावर लिहून मी शेठसमोर ठेवलं. या वेळी मी तिथून हललो नाही. त्यांनी दोनदा आकडेमोड करून पाहिली. मग सातावर काट मारून नऊ लिहिलं. "उरलेल्या नगांना. झालेल्यांना सातच. आणि पुढच्या वेळी भाव पाठवायच्या आधी मोज रे बाबा."

सातने गेल्या त्या पिना दोनशेऐंशी. साठच्या हिशोबाने खरा भाव दहा. नगामागे तीन रुपये, म्हणजे आठशेचाळीस. मी तो आकडा काकांना सांगितला.

"सोड रे," ते चक फिरवत म्हणाले. "तुन्हा तीन तासना पैसा कोन देई, ते सांग."

अहवाल सोमवारी द्यायचा आहे. 'निरीक्षण केलेले नग' या रकान्यात मी दहा लिहिलं होतं, ते खोडून साठ केलं. पण आठशेचाळीस कुठे लिहायचे, त्याला रकाना नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलेत. प्रोजेक्टचे सर विचारतील. विचारू देत.