सईचे दोन टाके आणि मोबाइल धरणारा मी

आमच्या घराण्यात सुईला कुणी घाबरत नाही. ती दिसायच्या आत आम्ही दवाखान्यातून निघालेले असतो.

त्यामुळे आमची पाच वर्षांची सई बोरीवलीतल्या सोसायटीच्या जिन्यात आपटून हनुवटी फोडून घेऊन आली, तेव्हा तिच्याआधी मीच 'आई गं' ओरडलो. एवढीशी हनुवटी ती! रिक्षात बसल्याबसल्या मी बाप म्हणून सुचेल ते केलं. खानदानाच्या ग्रुपवर टाकलं, 'सई पडली. टाके घालणार.' (आमच्याकडे साधा खोकला झाला तरी कुडाळपर्यंत कळवावं लागतं, नाहीतर रुसवे होतात.)

डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोनच टाके आहेत. पण हलली तर व्रण राहील. मोबाइलवर कार्टून लावा, तिची नजर हटता कामा नये."

मानसीने, म्हणजे माझ्या बायकोने, सईला मांडीवर धरलं. मी मोबाइल धरला. कार्टूनमधला ससा केक करायला लागला आणि सई एकदम गप्प! झकास चाललं होतं. भुलीचं इंजेक्शन पुढे आलं आणि सशाच्या जागी कुडाळची आत्या उगवली. व्हिडिओ कॉल! कापायच्या घाईत मी तो उचलला.

"गो बाये माझ्या! केवढा लागला गो!" आत्याने हंबरडा फोडला. सईने त्याच्या वरचा सूर लावला.

"बंद कर ना रे ते!" मानसी ओरडली.

मी दिसेल ते बटण दाबलं. कॅमेरा फिरला, आणि आत्याला सईऐवजी मी दिसायला लागलो.

"मेल्या, तू कित्याक असो पांढरो पडलंस? सुयेकडे बघू नको हां!"

बघू नको म्हटल्यावर कोण बघत नाही? मी बघितलं!

पुढचं मला मानसीने सांगितलं. मी भिंतीला घासत खाली आलो आणि येताना पांढऱ्या कापसाचा डबा डोक्यावर उपडा करून घेतला. सईचं रडं जागच्या जागी थांबलं. "आई, बाबा म्हातारा झाला!" म्हणत ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. पापणीसुद्धा हलवली नाही.

मी डोळे उघडले तेव्हा सई माझं डोकं थोपटत होती. हनुवटीवर पट्टी. "झालं हं बाबा. रडायचं नाही."

डॉक्टरबाई हातमोजे काढत म्हणाल्या, "आठवड्याने टाके काढायला या. मोबाइल नाही आणलात तरी चालेल. बाबांना मात्र नक्की आणा!"