ज्यांनी मला पकडलं नाही

"कुठल्या कलमाखाली?" असं विचारताना त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या. समोर ट्रक ड्रायव्हर असो की आमचा मॅनेजर, प्रश्न तोच.

न्यूझीलंडमध्ये ईस्ट टामाकीतल्या आमच्या गोदामात त्या कस्टम्सच्या अधिकारी म्हणून कंटेनर तपासायला येत. मूळच्या ठाण्याच्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायचो. बाकीच्यांना "किआ ओरा" असा तिथला नमस्कार, मला मात्र "काय रे, जेवलास का?" तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिच्या मायेलाही कडक इस्त्री असते.

२०१४ साल होतं. शिक्षण संपवून मी नुकताच वर्क व्हिसावर कामाला लागलो होतो. घराण्यातला पहिला पदवीधर मी. नावावर एक डाग लागला असता तर रेसिडेन्सी, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, विसरायची होती.

एका दुपारी मोबाइल फोनचा एक खोका सापडेना. मॅनेजरने सगळ्यांच्या गाड्या उघडायला लावल्या. खोका निघाला माझ्या डिकीत. आत माझी पांघरुणं. आम्ही पोरं सतत फ्लॅट बदलायचो, म्हणून धड रिकामा खोका दिसला की उचलून न्यायची सवय. त्यातले फोन कुठे गेले, मला ठाऊक नव्हतं.

ताई तेव्हा दुसरा कंटेनर तपासत होत्या. मॅनेजर त्यांना म्हणाला, "तुम्ही अधिकारी आहात ना? याला अटक करा."

चष्मा कपाळावर गेला. "कुठल्या कलमाखाली? हा माल आम्ही केव्हाच तपासून सोडलाय. माझा अधिकार कस्टम्सच्या गुन्ह्यांपुरता. चोरीचं पोलीस बघतील."

"मग ते येईपर्यंत याला खोलीत कोंडतो."

"चोरी करताना पाहिलंत?"

"नाही."

"मग कोंडू नका. उद्या तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल."

मला धीर आला. मी मराठीत म्हणालो, "ताई, सांगा ना त्यांना, मी तसा नाही."

"तू कसा आहेस, मला काय ठाऊक? तुला धरायचा अधिकार मला नाही, तसा सोडवायचाही नाही. खोका विचारून नेलास?"

"नाही."

"मग पोलिसांना तेच सांग. जास्तीचं काही नको."

त्यांचं काम संपलं होतं, तरी त्या गेल्या नाहीत. उघड्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्या हातावर ठेवलं.

पोलीस आले, माझं म्हणणं लिहून घेतलं, रॅक तपासले. जुन्या खोक्याचा कोपरा ओला झाला म्हणून सकाळच्या पाळीने फोन नव्या खोक्यात भरले होते. ते भलत्याच रॅकवर सापडले. मॅनेजर एवढंच म्हणाला, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे 'ठीक आहे', आणि निघून गेला.

"ताई, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात," मी म्हणालो.

"छे रे. मला निम्मं तरी वाटत होतं, तूच असशील."

दोन वर्षांनी मी रेसिडेन्सीचा अर्ज आणला. ताईंना दाखवायचा होता, पण त्या आठवड्यात तपासणीला दुसरेच अधिकारी आले. ताई निवृत्त होऊन लेकीकडे दूर पोरिरुआ गावी गेल्या होत्या. संध्याकाळी मी अर्ज भरायला बसलो. 'तुम्हाला कधी अटक झाली आहे का?' या ओळीपुढे 'नाही' लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.